हुपरीकरांकडचं प्रॅक्टिकल

"मेधा, एक विचारू का?" बाबा म्हणाले. "समज, एखाद्या लॅपटॉपवर हवेतून इंटरनेट येतंय. तर ते तिथून वायरनं दुसऱ्या एखाद्या यंत्राला देता येतं का?"

आम्ही इस्लामपूरहून कोल्हापूरला एसटीनं चाललो होतो. बाबांच्या मांडीवर पिशवी, पिशवीत नारळ, पेढे आणि शर्टपीस. हुपरीकरांचं घर बघायला चाललो होतो आम्ही. निनाद हुपरीकर त्याच्या आईला घेऊन आमच्याकडे येऊन गेला होता, पोहे झाले होते, दोन्हीकडून होकारच होता. आज घर बघायचं, आणि सगळं ठीक वाटलं तर तिथेच नारळ देऊन तारीख धरायची. आईचा पाय प्लास्टरमध्ये होता, म्हणून आम्ही दोघंच.

"येतं की," मी म्हणाले. "लॅपटॉपमध्ये एक खूण करायची, म्हणजे तो आपलं नेट दुसऱ्याला वाटून देतो. पण तुम्हाला कशाला?"

"आणि दिलं तरी चाललं नाही, तर? त्या यंत्राचा पत्ता चुकला असेल तर?"

मी चाटच पडले. आमच्या बाबांना ईमेल पाठवायचा असला तरी ते मला पुण्याला फोन करून विचारायचे. हायस्कूलचे हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेला हा माणूस एकदम यंत्रांच्या पत्त्याबद्दल विचारत होता. "बाबा, हे कुठून कळलं तुम्हाला?"

"वाचलं कुठंतरी. तुझं काम काय असतं ते आम्हाला कळायला नको?"

मला इतकं बरं वाटलं. पुण्यात नेटवर्कचं काम करत होते मी, पण आमच्या घरी त्याला 'कॉम्प्युटरमध्ये आहे' यापलीकडे नाव नव्हतं. मग किणीचा टोलनाका येईपर्यंत मी बाबांना सगळं समजावून सांगत होते. घराला असतो तसा प्रत्येक यंत्राला पत्ता असतो, शक्यतो तो यंत्रालाच घेऊ द्यायचा, आपण हातानं घालत बसायचं नाही. बाबा मान डोलवत ऐकत होते. मधेच ओठातल्या ओठात पुटपुटत होते, नवं काही पाठ करणाऱ्या मुलासारखे.

बाबांबद्दल एक सांगायला हवं. दहावीच्या परीक्षेला ते केंद्रसंचालक असायचे आणि त्यांच्या केंद्रावर कॉपी होत नसे. होतच नसे. माझ्या सख्ख्या आत्याचा मुलगा विज्ञानाच्या पेपरला मोज्यात चिठ्ठी घेऊन बसला होता, तर बाबांनी त्याला सगळ्या वर्गासमोर उठवलं. तेव्हापासून आत्या आमच्या घरी येत नाही. आईनं त्यावरून किती डोकं फोडलं, पण बाबांचं एकच, पेपर तो पेपर.

हुपरीकरांचा फ्लॅट राजारामपुरीत, दुसऱ्या मजल्यावर. निनादचे वडील नव्हते. आई शांत, गोरीपान, सारखी पदर सारखा करणारी. घरातला सगळा कारभार त्याच्या कमलआत्यांकडे होता. त्या सोफ्यावर मांडी घालून बसल्या होत्या, हातात अडकित्ता आणि शेजारी पिकदाणी म्हणून ठेवलेला बिस्किटांचा डबा. मी वाकून नमस्कार करत होते तेवढ्यात त्यांनी त्या डब्यात पिंक टाकली आणि त्याच ओठांनी म्हणाल्या, "ये गं, ये. उंचीला बरी आहेस की."

निनाद दिसायला छान होता. जर्मनीत राहून आलेला, बोलायला मोकळा, हसला की डोळे बारीक व्हायचे. दिवाळीच्या सुट्टीला घरी येताना त्यानं त्याचा गेम खेळायचा डबा पुण्याहून बरोबर आणला होता. टीव्हीखाली तो काळा, चकचकीत डबा ठेवलेला होता आणि शेजारी लॅपटॉप.

चहा झाला. बाबांनी घराचं कौतुक केलं. आणि निनाद मान खाजवत म्हणाला, "मेधा, तुझी थोडी मदत हवी होती. म्हणजे, आता म्हणशील पहिल्याच दिवशी कामाला लावलं."

"काय झालं?"

"नेटचं मशीन वर काकांच्या फ्लॅटमध्ये आहे. लॅपटॉपला ते हवेतून मिळतं. पण या माझ्या डब्याला हवेतून घ्यायची सोयच नाही, नुसतं वायरचं भोक आहे. लॅपटॉपमधून वायर काढून त्याला लावली, तर म्हणतात चालतं. मला खरंच जमत नाहीये. सुट्टी लागल्यापासून डोकं फोडतोय."

मी बाबांकडे बघितलं आणि हसले. म्हटलं, काय योगायोग आहे! आत्ता एसटीत हेच तर बोलत होतो. बाबा हसले नाहीत. ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते.

मला खरं तर ते काम आवडलं. पाहुण्यांसमोर खाली मान घालून बसण्यापेक्षा हजार पटीनं बरं. आजवर मला बघायला आलेल्यांनी सुगरण आहे का विचारलं होतं, चष्मा काढून दाखवायला सांगितलं होतं, एकांनी तर चपला काढून उंची मोजली होती. हा पहिलाच मुलगा होता ज्यानं मला येत असलेलं काम मला सांगितलं. मी पदर खोचला आणि जमिनीवर बसले. निनादही शेजारी बसला, मोबाइलचा दिवा धरून.

टीव्हीच्या मागे कधी कुणी झाडू फिरवला नसावा. धूळ, चिवड्यातले शेंगदाणे, एक मेलेलं झुरळ, आणि कधी काळी सांडलेल्या कोल्ड्रिंकचा चिकट काळा ओघळ. वायर त्या ओघळात चिकटली होती. ती ओढली तेव्हा आवाज आला, चर्रर्र. डब्यात ती अर्धीच बसलेली होती, मी ती नीट आत सारली.

"हे तर एवढंसंच होतं," निनाद म्हणाला. "मी किती बावळट!"

"थांबा, अजून झालं नाही."

लॅपटॉपवर नेट वाटून द्यायची खूण केलेली नव्हती. ती केली. निनादच्या केसांना जळमट लागलं होतं, ते मी त्याला दाखवलं, तो हसला, मीही हसले. अगदी खरं सांगायचं तर त्या क्षणी मी मनात लग्नाला हो म्हणून टाकलं होतं. पुण्यातलं घर, त्यात हा असा जमिनीवर बसलेला, मला विचारणारा, मला येतं याची लाज न वाटणारा. एवढंच तर हवं होतं मला.

"आता चालू करून बघा," मी म्हणाले.

चाललं नाही. पडद्यावर तेच, जोडणी होत नाही.

मी पुन्हा वायर पाहिली, पुन्हा खूण पाहिली. वेळ जाऊ लागला. कमलआत्यांचा अडकित्ता कट्‌कट् चालला होता. निनादची आई पोह्यांच्या बश्या घेऊन दारात उभी होती, आत यावं की न यावं अशा बेतात. मला घाम फुटला. म्हटलं, रोज हेच करतो आपण, आज काय झालंय?

आणि बाबा खाकरले. "मेधा, त्या यंत्राचा पत्ता बघितलास का?"

सगळ्यांनी वळून बाबांकडे पाहिलं. निनादनंही पाहिलं, जरा निरखूनच. बाबांची नजर अजून घड्याळावर होती.

मी कंट्रोलर मागितला. निनादनं तो सोफ्याच्या गादीखालून काढून दिला. शी! आज इतक्या वर्षांनी लिहितानासुद्धा माझे तळहात शिवशिवतात. बटणांवर चिवड्याचं पिवळं तेल, खाचेत काळा मळ, आणि अंगठ्याच्या जागी एक केस चिकटलेला. त्याच जागी अंगठा फिरवत मी डब्याच्या सेटिंगमध्ये गेले.

पत्ता हातानं घातलेला होता. आणि चुकीचा होता.

असले डबे आता आपलं नेट आपणच हवेतून घेतात, वायरी लावाव्या लागत नाहीत, म्हणून सांगते. त्या डब्याला विकत घेतल्यापासून पत्ता आपोआप घ्यायची सवय असायची. तो हातानं घालायचा तर आधी आत आत जाऊन ती सवय मोडावी लागे. मग एकेक आकडा, खाली-वर करत, कंट्रोलरनं भरावा लागे. कुणाकडून चुकून हे होत नाही. ज्याला काही जमत नाही त्याच्याकडून तर नाहीच नाही. हा पत्ता कुणीतरी निवांत बसून, समजून, चुकीचा घातला होता. आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे आकडे बरोबर होते, फक्त मधला एक बदललेला. सहजी दिसू नये म्हणून.

मी तो पुसला आणि डब्याला पत्ता आपोआप घ्यायला लावला. टीव्हीवर जोडणी झाल्याचं आलं, संगीत वाजलं, आणि कमलआत्या टाळ्या वाजवत म्हणाल्या, "झालं की गं बाई! कराडच्या मुलीला इथवर नव्हतं आलं. ती वायरीतच अडकली. रडायला लागली शेवटी. मग निनादनंच तिला सगळं उलगडून दाखवलं."

"आत्या!" निनादची आई म्हणाली.

"काय आत्या? पास झाली ना ही? मग आता सांगायला काय हरकत आहे?"

मी निनादकडे बघितलं. मला वाटलं तो ओशाळेल. तो हसला, डोळे बारीक करून, तसाच छान. केसांतलं जळमट अजून तिथेच होतं.

"चिडू नकोस हं," तो म्हणाला. "माझा एक प्रिन्सिपल आहे. मुलीला स्वयंपाक येतो का, गाणं येतं का, असलं मागासलेलं मी कधी विचारत नाही. लॉजिक कसं आहे ते बघतो. प्रॅक्टिकल घेतो. अडकलं की माणूस काय करतो, हात टेकतो, चिडतो की शोधतो, हे कळतं. आणि तू मस्त शोधलंस."

"सगळ्यांना हेच देता?"

"ज्या कॉम्प्युटरवाल्या असतात त्यांना. पण तुला ऐंशी टक्के. तुझ्या बाबांनी हिंट दिली ना, नाहीतर शंभर दिले असते."

ऐंशी टक्के! कुणी चपला काढून उंची मोजली होती तेव्हा राग आला होता, रडू आलं होतं, पण किळस आली नव्हती. त्या लोकांनी निदान पट्टी समोर धरली होती. हा माझ्या शेजारी जमिनीवर बसून दिवा धरत होता, 'मी किती बावळट' म्हणत होता, आणि आतून गुण देत होता. मी हसले तेव्हाही दिले असतील. जळमट दाखवलं तेव्हाही. मला त्या माणसाची शिसारी आली, आणि त्याला मनात हो म्हणून बसलेल्या माझीही थोडी आली.

निनादची आई ओटीचं ताट घेऊन आली. तांदूळ, नारळ, खण, कुंकवाचा करंडा. विधवेनं ओटी भरू नये असलं त्या घरात पाळत नसावेत. तिचा चेहरा पडलेला होता, पण ताट तिनं पुढे केलंच. "ये, पाटावर बस," ती हळूच म्हणाली.

"एक मिनिट थांबा हं," मी म्हणाले. आणि पुन्हा जमिनीवर बसले.

तो चिकट कंट्रोलर मी पुन्हा हातात घेतला. सेटिंगमध्ये गेले. पत्ता आपोआप घ्यायची सवय मोडली. मग एकेक आकडा, खाली-वर करत. वेळ लागतो त्याला. सगळे बघत उभे होते, ओटीचं ताट तसंच हातात. शेवटी मधला तो एक आकडा बदलला. संगीत थांबलं. लॅपटॉपवरची खूण काढली. टीव्हीमागे हात घालून वायर डब्यातून अर्धी बाहेर ओढली, पूर्वी होती तेवढीच.

"अगं, हे काय करतेस?" निनाद म्हणाला.

"पुढच्या मुलीसाठी पेपर लावून ठेवतेय. तुम्हाला पुन्हा सगळं भरत बसायला नको."

"हे काय नाटक? काका, तुम्ही समजवा की हिला. एवढ्याशा गोष्टीवरून कुणी असं करतं?"

कमलआत्यांनी बिस्किटांच्या डब्यात पिंक टाकली. "तोंड बघा म्हणावं आरशात. तिशी आली."

निनादच्या आईनं मात्र ताट खाली ठेवलं. करंड्यातलं कुंकू बोटावर घेऊन ती माझ्याजवळ आली, मला लावलं, आणि कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, "जा बाई तू." त्या घरातलं तेवढं एक मला आठवतं ते बरं वाटून.

बाबा उठले. नारळाची पिशवी उघडलीच नव्हती त्यांनी. ती तशीच काखेत घेतली, "येतो आम्ही," म्हणाले, आणि चपला घालून माझ्याआधी जिना उतरले.

स्टँडवर आलो. इस्लामपूरची गाडी लागायची होती. फलाटावरच्या बाकावर बसलो. ऊन उतरत होतं, समोर भडंगवाला ओरडत होता. मला वाटलं होतं बाबा रागावतील. घरी आई प्लास्टरमधला पाय घेऊन तारखेची वाट बघत असणार होती. पण ते पिशवी मांडीवर घेऊन भडंगवाल्याकडे बघत होते. मी साडीच्या पदराला हात पुसत होते, तरी चिकटपणा जाईना. आणि पुसता पुसता मला एसटीतलं सगळं आठवलं. लॅपटॉपवर हवेतून नेट येतं, ते वायरनं देता येतं का. आणि पत्ता चुकला असेल तर.

माझे हात थांबले.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

ते भडंगवाल्याकडे बघत राहिले.

"बाबा."

"वाळवेकरांनी सांगितलं," ते म्हणाले. वाळवेकर म्हणजे हे स्थळ आणणारे, बाबांचे जुने सहकारी. "कराडच्या त्या मुलीच्या वडिलांनी त्यांना फोन केला होता. पार खचलेत म्हणाले. मुलगी कामावर जायला तयार नाही. आणि वर ते वडीलच वाळवेकरांना म्हणाले, 'निदान तुमच्या माणसाच्या मुलीची फजिती नको, तिला आधी सांगून ठेवा, शेवटी पत्ता चुकीचा असतो.'"

"आणि तरी तुम्ही मला तिथं नेलंत?"

"तुला येणार याची खात्री होती मला."

"मग एसटीत कशाला विचारलंत? आणि तिथं कशाला बोललात?"

मला इतका संताप आला होता की मी त्यांच्याकडे बघू शकत नव्हते. निनाद परका होता. हे माझे बाबा होते. त्या घरात काय वाढून ठेवलंय हे माहीत असून त्यांनी नवा सदरा घातला होता, पेढे घेतले होते, मला खिडकीजवळची जागा दिली होती. 'तुझं काम आम्हाला कळायला नको?' म्हणाले होते. त्या वाक्यावर मी किणीपर्यंत किती खूश होते! त्याचीच सगळ्यात जास्त किळस आली मला.

"नाही म्हणायला हवं होतं मी," बाबा म्हणाले. "वाळवेकरांना फोनवरच सांगायला हवं होतं, असल्या ठिकाणी माझी मुलगी येणार नाही. पण म्हटलं, स्थळ चांगलं आहे. तुझी आई रोज रात्री काय बोलते ते तुला माहीत नाही. म्हटलं, एकदा पास झाली की संपलं. पुढं कोण विचारतंय?" त्यांनी मांडीवरची पिशवी सारखी केली. मग म्हणाले, "आणि तू अडकलीस, तर मला बघवेना."

एक गाडी लागली, ती आमची नव्हती. लोक धावले, बसले, ती गेली.

"बत्तीस वर्षं केंद्रावर उभा राहिलो," बाबा म्हणाले. "सख्ख्या भाच्याला उठवलं. जन्मात एकाला चिठ्ठी पुरवली, मेधा. आणि तीही असल्या पेपराला."

बोलण्यासारखं माझ्याकडे होतं, पण ते खूप वाईट होतं, आणि ते त्यांनीच बोलून टाकलं होतं. मी पुन्हा पदराला हात पुसायला लागले.

बाबांनी ते पाहिलं. उठून नळावरून पाण्याची बाटली भरून आणली. "ये इकडं," म्हणाले. फलाटाच्या कडेला मी हात पुढे केले आणि त्यांनी वरून पाणी ओतलं. मी चोळचोळून धुतले, बोटांच्या बेचक्यांत, नखांत. ते पिवळं तेल निघता निघेना. बाबा ओतत राहिले. बाटली अर्धी झाली तेव्हा त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि स्वतःच्या बाह्या वर सारल्या.

"आता माझ्या हातांवर ओत," ते म्हणाले.

त्यांनी त्या घरात चहाच्या कपाशिवाय कशालाच हात लावला नव्हता. मी ओतलं. बाटली रिकामी होईपर्यंत ओतलं.